तळाच्या संघाचा सप्टेंबर कसा बघायचा

२०२४ च्या मोसमात शिकागो व्हाइट सॉक्स १६२ पैकी १२१ सामने हरले. १९०० नंतरच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एका मोसमात इतके पराभव कुणाच्याच वाट्याला आले नव्हते. जुलै-ऑगस्टमध्ये ते सलग २१ सामने हरले. ही रांग तुटली आणि दोनच दिवसांत मॅनेजर पेद्रो ग्रिफोल यांना नारळ मिळाला. प्लेऑफचं, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीचं, दार ऑगस्टमध्येच बंद झालं होतं. तरी सप्टेंबरअखेरपर्यंतचे सगळे सामने खेळायचे होतेच, आणि ते बघणारे लोकही होते. स्कोअरबोर्डवरचे काही आकडे त्यांच्यासाठी तोवर मेलेले असतात, काही अजून जिवंत असतात. कुठले आकडे कुठल्या गटात जातात हे कळलं की तळाच्या संघाचा सप्टेंबरही रिकामा वाटत नाही.

आधी हरण्याचं प्रमाण समजून घेऊ, कारण क्रिकेट किंवा फुटबॉलच्या सवयीनं इथे फसगत होते. बेसबॉलमध्ये चांगला संघही भरपूर हरतो. २०२४ चे विजेते लॉस एंजेलिस डॉजर्स त्या मोसमात ९८ जिंकले आणि ६४ हरले, म्हणजे पाचातले दोन सामने त्यांनी गमावले. व्हाइट सॉक्सचा हिशेब ४१-१२१, साधारण चारात एक विजय. आठवड्याला सहा-सात सामने असतात, त्यामुळे इतक्या वाईट वर्षातही चाहत्याला आठवड्याला दीडेक विजय मिळतो. मैदानावर जायचं तर एका सामन्याचं तिकीट काढू नका, तीन सामन्यांची अख्खी मालिका धरा. प्रत्येक सामन्यात जिंकण्याची शक्यता २५ टक्के मानली, तर तिन्ही हरण्याची शक्यता ०.७५ चा घन, म्हणजे सुमारे ४२ टक्के. उरलेल्या ५८ टक्के वेळा एक तरी विजय डोळ्यांसमोर होतो. सप्टेंबरात तळाच्या संघाची तिकिटं पुनर्विक्रीत स्वस्तही होतात. आधी बुकिंग करून ठेवायची गरज नसते, सामन्याच्या दिवशी दुपारी बघितलं तरी चालतं.

तक्त्यातला मेलेला रकाना

गुणतक्त्यात विजय आणि पराभवांच्या शेजारी 'गेम्स बिहाइंड' नावाचा रकाना असतो. आपण पहिल्या संघापासून किती सामने मागे आहोत, हे तो सांगतो. रीत सोपी आहे: पुढच्याचे विजय वजा आपले विजय, अधिक आपले पराभव वजा पुढच्याचे पराभव, आणि बेरजेला दोननं भागायचं. समजा पहिला संघ ७८-५८ वर आहे आणि आपण ५६-८० वर. २२ अधिक २२ भागिले दोन, म्हणजे २२ सामने मागे. दोन संघांचे खेळून झालेले सामने सारखे नसले की उत्तरात अर्धा येतो. त्यात गूढ काही नाही, पावसानं एखादा सामना पुढे गेलेला असतो एवढंच.

पण २२ सामने मागे म्हणजे बाद झालो का? ते या रकान्यातून कळत नाही. त्यासाठी एलिमिनेशन नंबर लागतो. चाहते त्याला ट्रॅजिक नंबर म्हणतात. १६३ मधून पुढच्या संघाचे विजय आणि आपले पराभव वजा करा. वरच्या उदाहरणात १६३ वजा ७८ वजा ८०, उत्तर ५. आता त्यांचा प्रत्येक विजय आणि आपला प्रत्येक पराभव हा आकडा एकेकानं खाली आणतो. तो शून्यावर आला की त्या संघाला मागे टाकणं गणितानं अशक्य. १६३ कशाला, १६२ का नाही, हा प्रश्न हमखास येतो. आपले २६ सामने उरलेत, सगळे जिंकलो तर ८२ विजय होतात. आपल्या पुढे राहायला त्यांना ८३ हवेत, म्हणजे अजून ५. बरोबरीसुद्धा उरू नये म्हणून तो एक जादाचा धरलेला असतो.

२०२२ पासून यात एक मेख आहे. बरोबरी झाली की पूर्वी एक जादा सामना खेळवत. आता तो नाही. मोसमभरातल्या आपापसांतल्या लढती कुणी जास्त जिंकल्या, ते आधी पाहतात. पुढच्या संघाशी आपला हा हिशेब आधीच गेलेला असेल, तर बरोबरी आपल्या उपयोगाची नाही. मग कागदावरचा ५ प्रत्यक्षात ४ असतो. वेबसाइटवर काही दिसलं तरी हे स्वतः तपासून घ्यावं.

दुसरी चूक म्हणजे आकडा चुकीच्या संघाशी लावणं. मेजर लीग दोन लीगची मिळून बनते. प्रत्येक लीगमधून सहा संघ प्लेऑफला जातात: तीन विभागांचे विजेते आणि तीन वाइल्ड कार्ड, म्हणजे विभाग न जिंकलेल्यांतले सर्वांत चांगले तीन. विभागातला पहिला संघ निसटला तरी तिसऱ्या वाइल्ड कार्डची जागा उघडी असते, म्हणून खरा आकडा त्या जागेवरच्या संघाशी काढायचा. आणि तो शून्यावर येण्याआधीच कधीकधी खेळ संपलेला असतो. आपल्या पुढचे चार-पाच संघ उरलेल्या दिवसांत एकमेकांशीही खेळणार असतात. त्या सामन्यांत कुणी ना कुणी जिंकणारच. सगळे एकदम हरतील अशी आशा धरता येत नाही. हे गणित हातानं करायला किचकट आहे, ते सोडून दिलं तरी चालेल.

बाद झाल्यावर हा रकाना बघणं थांबवा. सप्टेंबरात रोज सकाळी 'गेम्स बिहाइंड' उघडणाऱ्या चाहत्याचा दिवस विनाकारण खराब होतो.

धावांचा हिशेब जास्त खरं बोलतो

संघ खरंच किती वाईट आहे, हे विजयांपेक्षा धावांवरून जास्त चांगलं कळतं. बिल जेम्स यांनी लोकप्रिय केलेलं सूत्र असं: केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. व्हाइट सॉक्सनं २०२४ मध्ये ५०७ धावा केल्या, ८१३ दिल्या. सूत्रात घातलं तर ०.२८ येतं, १६२ नं गुणलं की ४५ विजय. प्रत्यक्षात ४१. म्हणजे संघ भयानक होताच, शिवाय चारेक सामन्यांचं दुर्दैवही होतं. पुढच्याच वर्षी कोलोरॅडो रॉकीज ४३-११९ वर संपले. त्यांच्या धावा ५९७, दिलेल्या १०२१. सूत्र सांगतं ४१, मिळाले ४३. तक्त्यात व्हाइट सॉक्स दोन विजयांनी मागे असले, तरी धावांच्या हिशेबानं रॉकीज जास्त दुबळे ठरतात.

चाहत्याला याचा उपयोग पुढच्या वर्षासाठी. सूत्रापेक्षा कमी विजय मिळालेला संघ पुढच्या मोसमात काही न करताही थोडा वर सरकण्याची शक्यता असते, कारण एका धावेनं हरलेल्या सामन्यांचं नशीब सहसा तसंच राहत नाही. सूत्रापेक्षा जास्त जिंकलेल्या संघाच्या चाहत्यानं मात्र फार हुरळून जाऊ नये.

मैदानावर अनोळखी चेहरे का

सप्टेंबरात तळाच्या संघाचा सामना लावला की अर्धी नावं ओळखीची नसतात. त्याची कारणं ठरलेली आहेत. जुलैअखेरीस खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. त्याआधी हरणारा संघ जे विकण्यासारखं आहे ते विकतो. २०२४ मध्ये एरिक फेडी, टॉमी फॅम आणि मायकल कोपेक एकाच त्रिपक्षीय व्यवहारात गेले. त्यातला कोपेक डॉजर्सकडे पोहोचला आणि ऑक्टोबरात विजेत्या संघात होता. मग १ सप्टेंबरला सक्रिय खेळाडूंची मर्यादा २६ वरून २८ होते. २०२० आधी ती ४० पर्यंत जायची आणि डगआउटमध्ये लग्नाच्या वऱ्हाडासारखी गर्दी व्हायची. आता दोनच जागा वाढतात, पण तळाचा संघ त्या खालच्या लीगमधल्या, म्हणजे मुख्य संघाशी जोडलेल्या राखीव संघांमधल्या, तरुणांना देतो.

तरुणाला वर कधी बोलावलं, ती तारीख बघा. १३० अधिकृत फलंदाजीच्या खेपा, पिचरसाठी (चेंडू टाकणाऱ्यासाठी) ५० इनिंग किंवा सक्रिय यादीतले ४५ दिवस, यातली एकही मर्यादा ओलांडली की तो खेळाडू पुढच्या वर्षी नवोदित गणला जात नाही. म्हणून गुणी पोरं ऑगस्टच्या मध्यानंतर वर येतात. पंचेचाळीस दिवस भरायच्या आत मोसम संपतो.

आता सगळ्यात जास्त चिडचिड करवणारी गोष्ट: संघातला एकमेव चांगला पिचर नऊपैकी चार इनिंगनंतर बाहेर का काढतात? २०२४ मध्ये गॅरेट क्रोशेच्या बाबतीत हेच झालं. ३२ सामन्यांची सुरुवात, २०९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), पण एकूण इनिंग फक्त १४६. म्हणजे सरासरी साडेचार. २०२२ मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली होती आणि २०२३ मध्ये त्यानं मेजर लीगमध्ये जेमतेम १३ इनिंग टाकल्या होत्या. तेवढ्यावरून एकदम १८० वर नेलं तर हात जाण्याचा धोका मोठा. जुलैपासून त्याला चार इनिंगच्या आसपास थांबवलं. सामना २-१ असा पुढे असताना तो बाहेर आला आणि नंतर बुलपेननं, म्हणजे मागून येणाऱ्या राखीव पिचरांनी, माती केली की बघणाऱ्याचं डोकं फिरतं. पण त्या इनिंग जपल्या म्हणून डिसेंबरात बॉस्टननं त्याच्या बदल्यात चार तरुण दिले: कॅचर काइल टील, आउटफिल्डर ब्रेडन माँटगोमेरी, इनफिल्डर चेस माइड्रॉथ आणि पिचर विकेलमन गोन्झालेझ. टील आणि माइड्रॉथ २०२५ मध्येच व्हाइट सॉक्सकडून खेळले. सप्टेंबरातल्या त्या पाचव्या इनिंगचं मोल असं तीन महिन्यांनी कळलं.

नव्या पोराचा अंदाज घेताना बॅटिंग ॲव्हरेजवर विश्वास ठेवू नका. महिन्याभरात त्याच्या साठेक खेपा होतात. ६० मध्ये १८ हिट (फटका मारून बेस गाठणं) म्हणजे ०.३००, १५ हिट म्हणजे ०.२५०. स्टार आणि साधारण यांच्यातलं अंतर तीन हिटचं, आणि त्यातला एखादा शॉर्टस्टॉपच्या ग्लोव्हजवरून घसरलेला. स्ट्राइकआउट किती होतात, वाइड चेंडू सोडतो का, चेंडू बॅटवरून किती वेगानं निघतो, हे त्याहून लवकर काही सांगतं. समोर पिचर कोण होता तेही पाहायचं. प्लेऑफ पक्कं केलेला संघ शेवटच्या आठवड्यात आपल्या चांगल्या पिचरना विश्रांती देतो. तेव्हाचा होमरन अर्ध्या किमतीचा.

आठ किंवा जास्त धावांनी मागे पडला की संघाला पिचर नसलेल्या खेळाडूकडून पिचिंग करून घेता येतं. हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला हा तमाशा इतरांपेक्षा जास्त वेळा दिसतो. ताशी ५० मैलांचा चेंडू, हसणारा कॅचर आणि गोंधळलेला बॅटर. बुलपेनचे हात वाचवण्यासाठी हे करतात, त्यात सोडून दिल्याची भावना शोधू नये.

हरल्यानं नेमकं काय मिळतं

'हरलो तर ड्राफ्टमध्ये पहिला नंबर', म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिली पाळी, हे सप्टेंबरातलं लाडकं सांत्वन आता फारसं खरं नाही. २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिले सहा क्रमांक सोडतीनं ठरतात, म्हाडाच्या घरांसारखे. प्लेऑफ हुकलेले १८ संघ त्यात असतात. सर्वांत वाईट तिघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १६.५ टक्के शक्यता. शेवटून पहिला असो की शेवटून तिसरा, शक्यता सारखीच. तळ गाठण्याचं बक्षीस इतकंच की सोडतीत नशिबानं पाठ फिरवली, तरी सातव्याच्या खाली जात नाही.

व्हाइट सॉक्सला तेवढंही मिळालं नाही. लीगच्या महसूल वाटपात दुसऱ्यांना पैसे देणाऱ्या मोठ्या शहरांच्या संघाला सलग दोन वर्षं सोडतीतला क्रमांक घेता येत नाही. २०२४ मध्ये त्यांनी पाचवा घेतला होता, म्हणून १२१ पराभवांनंतर २०२५ मध्ये थेट दहावा. मुद्दाम हरण्याला चाप लावायचा म्हणून हा नियम केला. २००३ मध्ये डेट्रॉइट टायगर्स ११९ हरले, तेव्हा सोडत नव्हती. दोन्ही लीग आलटून पालटून पहिला क्रमांक घ्यायच्या आणि ती पाळी दुसऱ्या लीगची होती. टायगर्सला दुसरा क्रमांक मिळाला आणि त्यांनी जस्टिन व्हरलँडरला घेतलं. २००६ मध्ये तो संघ वर्ल्ड सिरीजमध्ये होता.

हरण्याचा खरा लाभ इतर दोन, कमी बोलल्या जाणाऱ्या ठिकाणी होतो. एक, दुसऱ्या संघानं यादीतून काढलेल्या खेळाडूवर हक्क सांगायची पाळी तळाच्या संघाला आधी मिळते. दोन, डिसेंबरातला 'रूल फाइव्ह' ड्राफ्ट. दुसऱ्या संघांनी ४० जणांच्या यादीत न घेतलेला खेळाडू एक लाख डॉलर देऊन उचलता येतो. अट एकच, त्याला अख्खा मोसम मुख्य संघात ठेवायचं, नाहीतर मूळ संघाला परत देऊ करायचं. तळाच्या संघाला पहिली निवड. व्हाइट सॉक्सनं डिसेंबर २०२४ मध्ये मिलवॉकीच्या पदरातून शेन स्मिथ हा पिचर घेतला. २०२५ च्या ऑल-स्टार संघात तो होता. १२१ पराभवांची सर्वांत चांगली वसुली हीच.

खालच्या लीगचे निकालही बघत राहा. त्याच २०२४ मध्ये व्हाइट सॉक्सचा डबल-ए (वरून तिसऱ्या पातळीचा) संघ बर्मिंगहॅम बॅरन्स सदर्न लीगचा विजेता झाला.

पेन्सिल आणि स्कोअरकार्ड

रटाळ सामना शेवटपर्यंत धरून ठेवायचा सर्वांत जुना उपाय म्हणजे स्वतः स्कोअर लिहिणं. मैदानावर कार्ड मिळतं, घरी साध्या वहीत नऊ ओळी आणि दहा रकाने आखले तरी झालं. पहिल्या रकान्यात नावं, पुढच्या नऊत इनिंग. पेन्सिलच घ्या, खोडावं लागतंच.

क्षेत्ररक्षकांचे क्रमांक पाठ करा: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, डावं मैदान ७, मधलं ८, उजवं ९. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे उभा असून ६ का, हे सुरुवातीला सगळ्यांचं चुकतं. शॉर्टस्टॉपनं चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकला की चौकोनात ६-३. शॉर्टस्टॉप, दुसरा, पहिला असा डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघे बाद) झाला की ६-४-३. स्ट्राइकआउटला रोमन 'के' लिहितात. शेवटचा स्ट्राइक बॅट न हलवता नुसता बघत सोडला असेल तर 'के' उलटा, आरशातला. बॅटर बेसवर पोहोचला की चौकोनात छोटा हिरा काढून जितके बेस मिळाले तितक्या बाजू गडद करायच्या. धाव पूर्ण झाली की हिरा भरून टाकायचा. बाद झालेल्याचा क्रमांक, १ ते ३, वर्तुळात. तिसरा बाद झाला की त्या चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात तिरपी रेघ, म्हणजे पुढची इनिंग कुणापासून सुरू होणार ते चुकत नाही.

सप्टेंबरात एक अडचण हमखास येते: बदल फार होतात. प्रत्येक नावाखाली दोन रिकाम्या ओळी आधीच सोडा आणि नवा खेळाडू आला त्या चौकोनाच्या डाव्या कडेला उभी जाड रेघ मारा. पिचरसाठी छापील कार्डात चार-पाच ओळी असतात, तळाच्या संघाला त्या पुरत नाहीत. मागची बाजू वापरा. चाळीस सामने असे लिहिले की आपला संघ सातव्या इनिंगनंतर कसा हरतो ते स्वतःच्या अक्षरात दिसतं. भरलेले हिरे समोरच्यांच्या पानावर उजवीकडे दाटलेले असतात.

भारतातून बघणाऱ्यांसाठी: मोसमभर शिकागो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. तिथला संध्याकाळी ६:४० चा सामना इथे पहाटे ५:१० ला. २०२४ मध्ये सामन्याची सरासरी लांबी अडीच तासांच्या जराशी वर होती, म्हणजे पावणेआठपर्यंत निकाल आणि नंतर ऑफिस. दुपारी १:१० चा सामना इथे रात्री ११:४० ला सुरू होतो, तो झोपेचं वाटोळं करतो. लीगच्या स्ट्रीमिंग सेवेवर शिकागो परिसरातल्या मराठी मंडळींना स्वतःच्या गावाच्या संघाचे सामने सहसा थेट दिसत नाहीत, ते स्थानिक वाहिनीवर बघावे लागतात. पुण्यात बसलेल्याला सहसा ही अडचण नाही.

शेवटचे सहा

२४ सप्टेंबर २०२४ ला व्हाइट सॉक्स ३६-१२० वर होते. अजून एक पराभव झाला की १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० चा विक्रम मोडणार होता. घरच्या मैदानावर लोक विक्रम बघायलाच आले होते, मालकानं संघ विकावा अशा घोषणा चालू होत्या. मागे पडलेल्या व्हाइट सॉक्सनं आठव्या इनिंगमध्ये सामना फिरवला आणि एंजल्सला ३-२ हरवलं. मग पुढचे दोनही जिंकले. १२१ वा पराभव २७ तारखेला डेट्रॉइटमध्ये झाला आणि त्याच विजयानं टायगर्स प्लेऑफमध्ये गेले.

हरणारा संघ दुसऱ्याचा खेळ कसा बिघडवतो ते पुढच्या दोन दिवसांत दिसलं. व्हाइट सॉक्सनं ते दोन्ही सामने जिंकले. टायगर्स ८६-७६ वर संपले, कॅन्सस सिटीच्या बरोबरीनं, आणि पाचवं मानांकन कॅन्सस सिटीला गेलं. दोनांतला एक जरी टायगर्स जिंकले असते, तर त्यांना ह्यूस्टनऐवजी बॉल्टिमोरला खेळायचं होतं. शेवटच्या सहांत व्हाइट सॉक्स ५-१. २००३ चे टायगर्सही ३८-११८ वर असताना शेवटच्या सहांत ५-१ गेले आणि १२० टळले.

२०२५ मध्ये व्हाइट सॉक्स ६०-१०२. एकोणीस विजय जास्त आणि विभागात पुन्हा शेवटचेच.